निसर्गचित्रातील माणसाची जागा

पारोळ्याच्या शाळकरी मुलाला निसर्गचित्र काढावयास सांगितले, तर तो दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी काढून मोकळा होतो. फार तर गावातला भुईकोट किल्ला काढील. पण झोपडीत कोण राहते, किल्ल्याचा खंदक कोणाच्या हातांनी खणला, हे चित्रात येत नाही. निसर्गचित्रात माणूस असलाच तर ठिपक्याएवढा असावा, हा संकेत आपण निमूट मानला आहे.

सुधीर पटवर्धन यांनी तो मानला नाही. १९४९ साली पुण्यात जन्मलेल्या या चित्रकाराने १९७५ ते २००५ ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०) या आरंभीच्या चित्रांत सामान्य, कष्टकरी माणसाचा भरीव देहच सारी जागा व्यापतो. पुढे ‘टाउन’मध्ये (१९८४) चित्रकार मागे सरकून दुरून पाहू लागला, घरे, रस्ते, टेकड्या चित्रात आल्या. ‘लोअर परळ’ (२००१) येईतो १९८२च्या संपात मोडलेल्या गिरणगावावर नव्या इमारती उभ्या राहत होत्या. माणूस आकाराने लहान झाला, पण ठिपका झाला नाही. कोणाला कोठून हुसकले आणि तेथे कोण येऊन बसले, हेच त्यांच्या भूदृश्याचे बोलणे आहे.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या चित्रांतला माणूस कामगार म्हणून ओळखू येतो. त्याची जात मात्र दिसत नाही. मार्क्सवादी दृष्टीला वर्ग दिसतो, वस्तीची वेस दिसत नाही. शहराच्या गर्दीत जात झाकली जाते हे खरे. पण ती नाहीशी होत नाही. उलट नागपूरचे सवी सावरकर (जन्म १९६१) गळ्यात मडके, कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य रंगवतात. तेथे जात थेट देहावर आहे, परंतु त्या देहाभोवतीचे गाव जवळजवळ नाहीच.

या दोन्ही दृष्टी एका कॅनव्हासवर याव्यात, असे मला वाटते. खानदेशात त्याला विषय कमी नाहीत. गावाची वेस, वेशीबाहेरची वस्ती, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारी बाई, सुरत-उधन्याच्या मागांवर गेलेल्या माणसाचे कुलूप लावलेले घर. तेथे सूर्य उगवतोच. तो कोणाच्या दारात आधी येतो, हेही चित्रकाराला काढता येईल.