संवादी ॲनिमेशनचे व्हिडिओ फाईलमध्ये रूपांतर : स्वरूप, प्रक्रिया आणि अध्यापनातील प्रश्न

प्रस्तावना

संगणकाच्या साहाय्याने अध्यापन करण्याची पद्धत आपल्या महाविद्यालयांत रुजू लागली त्या काळात, म्हणजे साधारणतः २००० ते २०१० या दशकात, फ्लॅश हे ॲनिमेशन निर्मितीचे अतिशय प्रचलित साधन होते. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर या नावाने आलेली ही आज्ञावली मॅक्रोमीडिया कंपनीने घेऊन तिला फ्लॅश हे नाव दिले. पुढे २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ही कंपनीच ॲडोबीमध्ये विलीन झाली. अमरावती-अकोल्याकडील महाविद्यालयांत ज्या विभागांनी त्या काळी अशी ॲनिमेशने तयार केली वा मिळविली, त्यांच्या कपाटांत त्या सीडी आजही असतील. परंतु त्या पाहण्याची सोय मात्र उरलेली नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचे पाठबळ थांबविले व १२ जानेवारी २०२१ पासून त्यात आशय चालणेही बंद केले. आयफोनच्या ब्राउझरमध्ये तर फ्लॅश कधीच चालले नाही, आणि आपला विद्यार्थी आज बहुतांशी मोबाईलवरच अभ्यास करतो.

अशा वेळी "त्याचा व्हिडिओ करून टाका" हा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला वाईट नाही. तथापि, या रूपांतरात नेमके काय घडते आणि काय गमावले जाते, हे अध्यापकाने जाणून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात ते स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन स्वरूपांतील मूलभूत भेद

फ्लॅशची एसडब्ल्यूएफ फाईल म्हणजे मुख्यतः सूचनांची यादी होय. रेषा कोठून कोठे जाते, तिचा रंग कोणता, बटण दाबल्यावर काय घडावे, हे त्यात लिहिलेले असते. प्रत्यक्ष चित्र संगणक त्या क्षणी काढतो. व्हिडिओ फाईलमध्ये मात्र आधीच काढून ठेवलेल्या चित्रांची मालिका असते. फ्लॅशच्या जुन्या आवृत्त्यांत रंगमंचाचा मूळ आकार ५५० × ४०० चित्रबिंदू व वेग सेकंदाला १२ चौकटी असे. प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरल्यास एका चौकटीस ६,६०,००० बाइट, व एका मिनिटास सुमारे ४७ कोटी ५२ लाख बाइट लागतात. सातशे मेगाबाइटची एक सीडी दीड मिनिटातच भरेल! म्हणून व्हिडिओ संकोचित करावा लागतो. संकोचनाच्या रूढ पद्धतीत रंगाची माहिती प्रकाशमानाच्या तुलनेत निम्म्या सूक्ष्मतेने साठविली जाते. छायाचित्रात हे जाणवत नाही. आकृतीतील बारीक लाल रेषा मात्र पुसट होते. रूपांतरापूर्वी रेषा जाड करून घेणे, हा त्यावरील साधा उपाय आहे.

गोफणीचे उदाहरण

परंतु खरा प्रश्न आकाराचा नाही, तो संवादाचा आहे. समजा, प्रक्षेप्य गती शिकविण्यासाठी एक ॲनिमेशन आहे. ज्वारीची राखण करणारा मुलगा गोफणीतून दगड सोडतो. कोन विद्यार्थ्याने ठरवायचा आणि दगड कोठे पडतो ते पाहायचे. सपाट जमीन धरून हवेचा रोध वगळल्यास पल्ला कोनाच्या दुपटीच्या साइनच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ४५ अंशांवर तो सर्वाधिक येतो, तर ३० आणि ६० अंशांवर सारखाच. या ॲनिमेशनचा व्हिडिओ करताना अध्यापक ३०, ४५ व ६० हे तीन कोन निवडेल. निवड योग्यच आहे. पण मूळ ॲनिमेशनमध्ये विद्यार्थी ७५ अंश लावून पाहतो, दगड जवळच पडलेला पाहून चकित होतो, मग १५ लावतो आणि दगड पुन्हा तेथेच पडतो. कोनांच्या जोडीचा नियम त्याला स्वतःच सापडतो. व्हिडिओत हाच नियम त्याला सांगितला जातो. मूळ फाईलमध्ये ज्या असंख्य वाटा शक्य होत्या, त्यांतील एकच वाट व्हिडिओत उरते, आणि ती अध्यापकाने चाललेली असते.

निर्यातीची प्रक्रिया

फ्लॅशमधून एव्हीआय स्वरूपात थेट निर्यात केल्यास संवादक्षमता तर जातेच, शिवाय मूव्ही क्लिप या प्रकारच्या घटकांतील हालचालही थांबते, कारण त्यांची कालरेषा स्वतंत्र असते. ग्राफिक प्रकारचे घटक मुख्य कालरेषेला बांधलेले असल्याने ते नीट उतरतात. "निर्यात केली, पण चाक फिरतच नाही" या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून ॲनिमेशन प्रत्यक्ष चालवून त्याची क्विकटाइम फाईल करण्याची सोय आली आणि सूत्रांनी घडणारी हालचालही टिपता येऊ लागली.

मूळ एफएलए फाईल हाती नसेल, तर पडद्यावरील दृश्य टिपणे हाच व्यवहार्य मार्ग. रफल हे मोफत साधन जुन्या फ्लॅश फाईली चालविते. ॲक्शनस्क्रिप्टच्या पहिल्या दोन आवृत्त्यांतील फाईली त्यात चांगल्या चालतात, २००६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतील सर्वच चालतील असे नाही. ते सुरू ठेवून ओबीएससारख्या आज्ञावलीने पडदा नोंदवावा. येथे चौकटींच्या वेगाकडे लक्ष हवे. १२ चौकटींचे ॲनिमेशन ३० च्या वेगाने नोंदविल्यास एक चौकट दोनदा तर पुढची तीनदा येते व हालचाल अडखळल्यासारखी दिसते. २४ च्या वेगात प्रत्येक चौकट बरोबर दोनदा येते.

मराठी अक्षरांचा प्रश्न

फ्लॅश प्लेअरच्या दहाव्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २००८ पूर्वी, त्यात युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नसत. म्हणून मराठी मजकुरासाठी जुन्या संकेतांचे टंक वापरले जात. मजकूर स्थिर असेल तर अक्षरांचे आकार फाईलमध्येच साठविले जात. मात्र गुण किंवा मापन दाखविणारा बदलता मजकूर संगणकावरील टंकावर विसंबून राही, आणि तो टंक नसला की "वेग" या शब्दाऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. व्हिडिओत अक्षरांचे चित्रच होत असल्याने हा त्रास कायमचा संपतो. मात्र तो मजकूर शोधता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. म्हणून निवेदनाची संहिता युनिकोडमध्ये वेगळी जपावी.

संवाद परत कसा आणता येईल?

स्वयम् या राष्ट्रीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांची मांडणी व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन व चर्चा अशा चार भागांत केली जाते. व्हिडिओत गमावलेला प्रश्न उरलेल्या भागांत परत घेता येतो. ३० अंशांचा दगड पडल्यावर व्हिडिओ थांबवावा, ६० अंशांचा दगड कोठे पडेल ते वहीत लिहावयास सांगावे आणि मगच पुढे जावे. हा मूळ प्रयोगाला पूर्ण पर्याय नव्हे. पण विद्यार्थी केवळ प्रेक्षक राहत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाने मात्र आपली जुनी जावा व फ्लॅशमधील अनेक प्रतिरूपे व्हिडिओ न करता एचटीएमएल५ मध्ये नव्याने लिहिली. ती मोबाईलवर चालतात व त्यांतील कित्येक मराठीतही उपलब्ध आहेत. एकट्या विभागाला एवढे श्रम झेपणे कठीण, हे खरे.

तरीही ती शक्यता खुली ठेवणे आपल्या हाती आहे. व्हिडिओ झाला म्हणून मूळ फाईल टाकून देऊ नये. सीएस५ व त्यापुढील आवृत्त्यांची एफएलए फाईल ही वस्तुतः झिप प्रकारची असते. ती उलगडली की आतील बराचसा भाग साध्या मजकुरात वाचता येतो. केवळ एसडब्ल्यूएफ उरली असेल, तर जेपेक्स या मोफत साधनाने तिच्यातील चित्रे, ध्वनी आणि ॲक्शनस्क्रिप्टची सूत्रे बाहेर काढता येतात. गोफणीच्या ॲनिमेशनमधील पल्ल्याचे सूत्र जेमतेम काही ओळींचे असेल, आणि जावास्क्रिप्ट शिकणारा पदवीचा विद्यार्थी ते प्रकल्प म्हणून नव्याने लिहू शकतो.