घाईची शिकार, अनोळखी रान

हरणाची शिकार म्हटली की आपल्याला कोर्टकचेरी आठवते, आणि ते बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा तो षोक संपवला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मात्र थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो, नऊ दिवस चालतो आणि पाच लाखांहून जास्त माणसे रानात उतरतात. माझा भाचा तिथे मिलवॉकीत नोकरीला आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात, हंगाम आठवड्यावर आला असताना त्याला सुट्टी मिळाली आणि हपिसातल्या मित्राबरोबर जायचे त्याच्या मनाने घेतले. "मामू, तुम्हीच अम्मीला समजवा," म्हणाला. मी बंदुकीला कधी हात लावलेला नाही. पण बहिणीची झोप उडाली, म्हणून माहिती काढत बसलो.

पहिली गोष्ट परवान्याची. कोलोरॅडोसारख्या राज्यात हरणाच्या परवान्यासाठी एप्रिलमध्येच अर्ज करून सोडतीची वाट बघावी लागते. विस्कॉन्सिनमध्ये तो ऐन वेळीही विकत मिळतो, म्हणून घाईवाल्यांना हे राज्य सोयीचे. तरी १ जानेवारी १९७३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याला शिकार-शिक्षणाचा दाखला लागतो. तो नसेल तर जाणत्या शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरात राहूनच शिकार करायची. व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाला एरवी तिथे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असला तर सूट आहे. आपली पुष्कळ मुले तिकडे व्हिसावर असतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग जागा. राज्याच्या उत्तरेला शेवामेगन-निकोलेट नावाचे राष्ट्रीय वन आहे, सुमारे १५ लाख एकरांचे. सरकारी रान, म्हणजे सर्वांचे. पण ते सलग नाही. मधेमधे खासगी जमिनीचे तुकडे आहेत, आणि झाडांवर मालकाचे नाव लिहिलेले असतेच असे नाही. २१ नोव्हेंबर २००४ ला याच राज्यातल्या सॉयर काउंटीत शेजारच्या मिनेसोटाहून आलेला एक ह्मोंग शिकारी खासगी जमिनीवरच्या झाडावरील मचाणात बसलेला सापडला. आपण वाट चुकलो, असे त्याचे म्हणणे. मालकमंडळींशी वाद झाला. जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या का, आधी गोळी कोणी झाडली, यावर दोन्ही बाजूंची सांगणी वेगळी. पण त्याच्या गोळ्यांनी सहाजण मेले, दोघे जखमी झाले, आणि त्याला जन्मठेप झाली. वेगळ्या चेहऱ्याच्या आणि वेगळ्या नावाच्या माणसाने परक्या मुलखात हद्द आधी पाहावी, असे मी भाच्याला निक्षून सांगितले. मोबाइलवर हद्दी दाखवणारे नकाशे मिळतात. ते घरूनच उतरवून न्यायचे, कारण रानात सिग्नल नसतो.

आता हरीण कुठे शोधायचे? पाहणीला महिना हाती नाही, तेव्हा उपग्रहाच्या चित्रावर शोधायचे. काही वर्षांपूर्वी तोड झालेल्या जागी ॲस्पेनची कोवळी रोपे दाट उगवतात. ते त्याचे ताट. जवळच्या सीडरच्या दलदलीत त्याचे लपण. या दोहोंच्या मधली कड धरून बसायचे. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. म्हणून एक जागा पुरत नाही, निरनिराळ्या वाऱ्यांसाठी दोन-तीन हेरून ठेवाव्या लागतात. बरेच शिकारी रस्त्यापासून लांब जात नाहीत, तेव्हा आत गेले की गर्दी कमी. पण किती आत? पोट साफ केल्यावरही मोठा नर पन्नास-साठ किलोंचा भरतो आणि तो बर्फातून ओढत गाडीपर्यंत आणायचा असतो! शुक्रवारच्या उजेडात वाट चालून बघितली नसेल, तर शनिवारी पहाटेच्या काळोखात जाऊच नये.

अंगावर भगभगीत नारिंगी कपडा कायद्यानेच सक्तीचा आहे. २०१६ पासून गुलाबीही चालतो. गोळी हरणाला चुकली तर पलीकडे काय आहे, हे कळल्याशिवाय चाप ओढायचा नाही. उंच मचाणावर पट्टा बांधून बसायचे. कुठे जातो, कधी परततो, हे घरी लिहून ठेवायचे. एवढ्यावर बहीण कशीबशी तयार झाली. भाचा तीन दिवस बसला, दोन माद्या लांबून पाहिल्या आणि गोळी न झाडता परतला.

हरीण मिळालेच, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा इंटरनेटवर त्याची नोंद करावी लागते. बिस्मिल्ला म्हणून बंदुकीने मारलेल्या जनावराचे मांस हलाल ठरते का, यावर आमच्या मौलवींत एकमत नाही. तो प्रश्न मी तिथल्या इमामांवर सोडला. दुसरा प्रश्न सर्वधर्मीय आहे. २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग सापडला. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, पण त्याचे कारण असलेले विकृत प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही आणि रोगी जनावराचे मांस खाऊ नये, असे तिथल्या आरोग्य यंत्रणेचे सांगणे आहे. राज्य सरकार तपासणी फुकट करून देते. नमुना द्यायचा आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरात तारीख लिहून ठेवायचे. दोन हरणे असतील, तर त्यांचे मांस एकमेकांत मिसळायचे नाही.