चपड्याची शंभर वर्षं

1920 साली निजाम सरकारनं लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला बोलावलं. 1922पर्यंत त्यांनी भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा चिकटवला, पोपडे आलेला रंग जागच्या जागी बसवला. आज अजिंठ्यात जे दिसतं, त्यातलं बरंच त्यांच्यामुळे टिकलं. मात्र रंग बसवायला त्यांनी चपडा, म्हणजे लाखच, वापरला, आणि तोच पुढच्या पिढ्यांच्या मानगुटीवर बसला.

त्याआधीची हकिगत अधिक क्लेशदायक आहे. चित्रकार रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक तैलप्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातले जॉन ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्या नकला करू लागले. त्यांतल्याही अनेक 1885 साली लंडनमध्येच जळाल्या. नकला करताना रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हर्निश फिरवलं गेलं होतं. ते मात्र भिंतीवर तसंच राहिलं.

लाख जुनी होत जाते तशी पिवळी, मग तपकिरी पडते. ती आक्रसते आणि खालचा रंग सोबत ओढते. त्यावर काजळी आणि वटवाघळांची घाण. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, आणि तेव्हापासून रसायनतज्ज्ञ हा थर उतरवत आले आहेत. काम बोटभर जागेवरून सुरू होतं: कोणता द्राव लाख सोडवतो आणि रंगाला धक्का लावत नाही, हे आधी तपासायचं. राजदेव सिंग यांच्या देखरेखीखाली 9 आणि 10 क्रमांकांच्या लेण्यांतली काळवंडलेली, फार प्राचीन चित्रं अशीच पुन्हा उजेडात आली.

अजिंठ्यात निदान चेहरा, हात, कमळ ओळखू येतं. काय झाकलं गेलंय याचा अंदाज बांधता येतो. अमूर्त चित्रात तो आधारच नसतो. जे. जे.चेच विद्यार्थी वासुदेव गायतोंडे यांचं 1979चं एक चित्र डिसेंबर 2013 मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात 23 कोटींहून अधिक किमतीला विकलं गेलं. रंगाचे पातळ थर आणि त्यांतून झिरपणारा उजेड, एवढंच तर त्या चित्रांत असतं. त्यावर कोणी चकाकीसाठी हात फिरवला, तर काय गेलं हे सांगायला कॅनव्हासवर दुसरं काहीच उरत नाही.

म्हणून विक्रीला आलेलं चित्र तपासताना जाणकार मूल्यमापक आधी कॅनव्हास उलटा करतो. मागची सही, साल, जुनी लेबलं, ठिगळं बघतो. मग तिरप्या उजेडात तडे शोधतो. आधीची दुरुस्ती कोणी, कशानं केली याचा कागद तो हटकून मागतो. चित्र घरी आल्यावर हवामानही बघावं लागतं: मराठवाड्यात उन्हाळ्याच्या कोरड्या झळांनंतर पावसाळी दमट हवा येते आणि कॅनव्हास ताणला जातो, सैलावतो. त्यामुळे ओल धरणारी बाहेरची भिंत टाळणं हीच पहिली निगा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशनं, तीही रंग सुटत नसेल तरच. ओलं फडकं आणि फ्रेमवाल्याचं व्हर्निश दोन्ही दूर ठेवायचं.