रील संपत का नाही?

रात्रीचा दीड. सकाळी पेपर. ‘ही शेवटची’ असं तुम्ही चौथ्यांदा म्हणताय. खरं सांगा, मजा तरी येतेय का?

१९५४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत, लिंबिक सिस्टीममध्ये, बारीक तार बसवली. खटका दाबला की तिथं हलका करंट. उंदीर खटका दाबतच सुटले! पुढच्या प्रयोगांत तार हायपोथॅलॅमसपाशी गेली, तेव्हा काहींनी तासाला दोन हजारांवर वेळा दाबला. भूक लागली तरी खटकाच.

सगळ्यांना वाटलं, आनंदाचं केंद्र सापडलं. पण पुढे केंट बेरिज यांना भलतंच दिसलं. मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलेले उंदीर समोरचं खाणं तोंडात घालेनात. मात्र जिभेवर गोड पाणी सोडलं की मस्त ओठ चाटायचे. म्हणजे ‘हवंय’ आणि ‘आवडतंय’ ही मेंदूतली दोन वेगळी कनेक्शन्स. डोपामिन पहिल्याचं.

आपला अंगठाही बहुधा त्याच पहिल्या कनेक्शनवर चालतो. नाहीतर मघाशी पाहिलेल्या दहा रील्सपैकी एक तरी आठवली असती ना?