नियम करण्यापूर्वीं लोकांचें ऐका

कायदा कायदेमंडळ करतें. परंतु व्यापाऱ्याच्या पेढीवर येऊन जो धडकतो तो बहुधा कायद्याच्या आधारें एखाद्या खात्यानें केलेला नियम असतो. नियम करणाऱ्या अधिकाऱ्यास लोकांनीं निवडलेलें नसतें. तेव्हां त्याच्या सत्तेस लगाम कोणता? अमेरिकेंत तो १९४६ सालच्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यानें घातला: मसुदा सरकारी गॅझेटांत प्रसिद्ध करावा, लोकांच्या हरकती घ्याव्या, त्यांचा विचार करावा आणि मगच नियम कायम करावा.

२८ जून २०२४ रोजीं तेथील सुप्रीम कोर्टानें हा लगाम आणखी आवळला. हेरिंग मासे धरणाऱ्या नौकावाल्यांनीं आपल्या नौकेवरील निरीक्षकाचा खर्च स्वतः सोसावा, असा एक नियम होता. त्या वादांत कोर्टानें ठरविलें कीं, कायद्यांतील संदिग्ध शब्दांचा अर्थ लावणें हें न्यायाधीशांचें काम आहे; खात्याचा अर्थ केवळ वाजवी दिसतो म्हणून तो मान्य करण्यास कोर्ट बांधलेलें नाहीं. १९८४ पासूनचा 'शेव्हरॉन' दंडक अशा रीतीनें रद्द झाला. हें ठीकच झालें.

परंतु पुढें काय झालें पहा. ३१ जानेवारी २०२५ रोजीं अध्यक्ष ट्रंप यांनीं हुकूम काढला कीं, एक नवा नियम सुचविणाऱ्या खात्यानें रद्द करण्याजोगे किमान दहा जुने नियम दाखवावे. ९ एप्रिल २०२५ रोजीं त्यांनीं असेंही फर्माविलें कीं, वरील व इतर कांहीं निकालांशीं विसंगत असलेले नियम, 'सबळ कारणा'च्या अपवादाचा आधार घेऊन, शक्य तेथें हरकती न मागवितांच काढून टाकावे.

यास आमचा सक्त विरोध आहे. १९४६ च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणें नियम रद्द करणें हेंही नियम करण्यांतच मोडतें. बेकायदा नियम ठेवावा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु तो बेकायदा आहे कीं नाहीं, हाच तर वाद! एकास जाच वाटणारा नियम दुसऱ्याचें संरक्षण असतो. आणि नियम पाळण्यासाठीं पदरचा पैसा खर्चून यंत्रें बसविणारा प्रामाणिक कारखानदार एका रात्रींत मूर्ख ठरतो. एका मनमानीवर उतारा म्हणजे दुसरी मनमानी नव्हे.

आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाच्या २३ व्या कलमांत हीच पद्धति अमेरिकेच्या ४९ वर्षें आधीं नमूद झाली. पण मूळ कायद्यांत पूर्वप्रसिद्धीची अट असेल तरच ती लागू होते. ही अट नियम करण्याचा अधिकार देणाऱ्या प्रत्येक कायद्यांत घालावी, अशी आमची मागणी आहे. आणि मसुदा निघाल्यावर स्वस्थ बसून, नियम लागू झाल्यावर कपाळावर हात मारणाऱ्या व्यापारीवर्गानेंही हा हक्क बजावण्यास शिकावें. न वापरलेला हक्क गंजतो.