ख्रिस्ती मंडळीतील ‘विश्वासू सेवा’ : रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या कार्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे नाव मराठीच्या प्राध्यापकांना नवे नाही. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ते पाठ्यपुस्तकांतून भेटतात, बालकवी ठोंबरे यांना घरी आश्रय देणारे ज्येष्ठ कवी म्हणून वाङ्मयेतिहासात येतात आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून एक विलक्षण, काहीसे तऱ्हेवाईक पती म्हणून वाचकांच्या मनात कायमचे घर करतात. मात्र आयुष्याची अखेरची चोवीस वर्षे हा मनुष्य ख्रिस्ती मंडळीचा सेवक होता, आणि हे सेवकपण हेच त्यांच्या लेखनाचे प्रयोजन होते, ही बाब आपल्या अध्यापनात बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. ख्रिस्ती माणसाने मंडळीच्या जीवनात विश्वासूपणे सेवा करणे म्हणजे नेमके काय, आणि महाराष्ट्राच्या विशिष्ट परिस्थितीत या संकल्पनेसमोर कोणता पेच उभा राहिला, याचे विवेचन टिळकांच्या उदाहरणाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

संज्ञाविचार :

नव्या करारात सेवेसाठी ‘डायाकोनिया’ हा ग्रीक शब्द योजलेला आहे. त्याच्या अर्थच्छटांमध्ये पंगतीत वाढण्याचे काम ठळकपणे येते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीतील एक तक्रार नोंदलेली आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होत होती. त्यावर उपाय म्हणून सात जणांची निवड करण्यात आली. म्हणजे सेवा हा शब्द येथे एका अगदी व्यावहारिक आणि भांडणाच्या प्रसंगातून वर आला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो, हा प्रसंगही त्याच जातीचा. पाहुण्यांचे पाय धुणे हे घरातील गड्याचे काम होते.

‘विश्वासू’ या विशेषणाचा उलगडा पौलाच्या पत्रांतून होतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो स्वतःस आणि आपल्या सहकाऱ्यांस कारभाऱ्याची उपमा देतो आणि कारभाऱ्याच्या ठायी विश्वासूपणाचीच अपेक्षा असते असे प्रतिपादन करतो. कारभाऱ्याजवळ जे असते ते त्याचे नसते; मालकाचे असते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तीन दासांचा दृष्टान्त हाच विचार पुढे नेतो. धन्याने सोपविलेले द्रव्य ज्याने जमिनीत पुरून जसेच्या तसे परत केले, तो तेथे दोषी ठरतो. त्याने चोरी केलेली नाही. त्याने केवळ धोका पत्करला नाही. मूळ ग्रीकमधील ‘पिस्तोस’ या शब्दात ‘विश्वास ठेवणारा’ आणि ‘विश्वास ठेवण्याजोगा’ हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. मराठीतील ‘विश्वासू’ हा शब्द व्यवहारात दुसऱ्याच अर्थाकडे अधिक झुकतो आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते उपकारकच आहे.

मराठीत ‘सेवा’ या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे. आपण महाविद्यालयात सेवेत रुजू होतो, आपले सेवापुस्तक असते, सेवाज्येष्ठतेवरून वाद होतात आणि यथाकाल सेवानिवृत्ती होते. भक्ती आणि नोकरी या दोहोंसाठी एकच शब्द असणे हा भाषेचा एक गमतीचा भाग म्हणून सोडून देता येईल; परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती सेवकाच्या बाबतीत ही गंमत राहिली नाही. तो त्याच्या जीवनातील मुख्य पेच ठरला.

मिशन, मंडळी आणि पगार :

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे त्यांचे ठाणे सुरू झाले. येथे ‘मिशन’ आणि ‘मंडळी’ या दोन गोष्टींतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. मिशन ही परदेशातील देणग्यांवर चालणारी आणि प्रामुख्याने परदेशी व्यक्तींच्या नियंत्रणाखालील संस्था होती. मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या एतद्देशीय ख्रिस्ती जनांचा समुदाय. तत्त्वतः पाळक मंडळीचा असे. परंतु गरीब खेडुतांच्या मंडळीला त्याचे पोट भरणे सहसा शक्य नसे, म्हणून त्याच्या वेतनाचा भार मिशनला उचलावा लागे. शिक्षक, उपदेशक, बायबल-बाया यांचीही स्थिती हीच होती.

याचे दोन परिणाम झाले. गावातील इतर लोकांच्या दृष्टीने हा मनुष्य ‘मिशनचा पगारी’ ठरला आणि त्याच्या शब्दांचे वजन घटले. दुसरा परिणाम अधिक खोलवरचा होता. आपण विश्वासू राहावयाचे ते कोणाशी, असा प्रश्न खुद्द सेवकासमोरच उभा राहिला. वेतन देणाऱ्या संस्थेशी, ज्यांच्यात राहावयाचे त्या मंडळीशी, की ख्रिस्ताशी? बहुतेक वेळा तिन्हींची मागणी एकच असे. ज्या वेळी ती एक नसे, त्याच वेळी विश्वासूपणाची खरी कसोटी लागे.

टिळकांची सेवा :

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यासाठी त्यांना आप्त, समाज आणि काही वर्षे पत्नीचा सहवास यांस मुकावे लागले. पुढे अहमदनगर हे त्यांच्या कार्याचे केंद्र बनले. मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेत त्यांनी अध्यापन केले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या १८४२ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. ही झाली सेवापुस्तकातील नोंद.

त्यांच्या सेवेचे मर्म मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. त्या काळी मराठी मंडळ्यांतून गायिल्या जाणाऱ्या गीतांत इंग्रजीवरून भाषांतरित केलेल्या आणि पाश्चात्त्य चालींवर बसविलेल्या गीतांचा भरणा मोठा होता. अक्षरे मराठी, पण श्वास परका, असा हा प्रकार. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६२ च्या सुमारास अहमदनगर येथे ख्रिस्ती कीर्तनाचा उपक्रम सुरू करून या बाबतीत वाट पाडलेली होती. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान ही कीर्तनाची चौकट कायम ठेवून आख्यान बायबलमधील घ्यावयाचे, ही त्यातील युक्ती. टिळकांनी ही वाट रुंद केली. तुकारामांच्या अभंगवाणीतून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो अशी त्यांची स्वतःविषयीची धारणा होती. त्यामुळे ओवी, अभंग, भजन हे प्रकार त्यांनी प्रचाराची साधने म्हणून उसने घेतले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती त्यांची मातृभाषा होती. ‘अभंगांजली’तील रचना असोत किंवा मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची अनेक पदे असोत, तेथे पंडिती कवी मागे सरतो आणि शेतमजूर स्त्रीलाही पाठ होईल असा शब्द पुढे येतो. सेवेत स्वतःच्या गुणांना मुरड घालावी लागते, असे आपण सामान्यतः समजतो. दृष्टान्तातील दासांचा विचार करता उलट म्हणावे लागते : टिळकांजवळ जे होते ते त्यांनी पुरून ठेवले नाही.

अखेरीस १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले. वेतनाविना, संन्यस्त वृत्तीने राहून ‘देवाचा दरबार’ या नावाचा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभारण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांनाही स्थान होते. संस्थेच्या दृष्टीने ही कल्पना अडचणीची होती, हे उघड आहे. कारण मंडळीची सीमा बाप्तिस्म्याने आखली जाते. टिळकांच्या या कृतीकडे बंडखोरी म्हणून पाहण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो टाळणे योग्य. त्यांनी मंडळीस प्रतिस्पर्धी अशी दुसरी मंडळी काढली नाही आणि ‘ज्ञानोदय’चे कामही टाकले नाही. ज्या नात्यामुळे आपल्या शब्दाचे वजन कमी होते असे त्यांना वाटले, ते वेतनाचे नाते तेवढे त्यांनी तोडले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबाराची कल्पना बाल्यावस्थेतच राहिली. ती टिकली असती किंवा नाही, हा प्रश्न येथे गौण आहे.

लक्ष्मीबाई : पद नसलेली सेवा

टिळकांच्या त्यागाचे गुणगान करताना एक गोष्ट हटकून सुटते. घरात येणारे वेतन पुरुषाने सोडले, तरी चूल स्त्रीलाच पेटवावी लागते. ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने वाचले, तर मंडळीच्या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधन ठरते. लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे एका दिवसात सुटले नाही. पतीने मत बदलले म्हणून त्यांनी बदलले नाही. काही वर्षांच्या विलगतेनंतर आणि स्वतःशी केलेल्या झगड्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुष्काळातील पोरकी मुले घरात वाढविणे, प्लेगच्या छावणीत रुग्णांची शुश्रूषा करणे, वेळी-अवेळी येणाऱ्यांस जेवू घालणे ही कामे त्यांनी केली. यांपैकी कशासाठीही त्यांना दीक्षा मिळालेली नव्हती. ‘प्रेषितांची कृत्ये’मधील सात जण ज्या कामासाठी निवडले गेले, नेमके तेच हे काम आहे. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुमारे दहा अध्यायांवर थांबले होते. शालेय शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या या स्त्रीने पतीच्या निधनानंतर ते पूर्णत्वास नेले.

पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) उदाहरण येथे पूरक ठरते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्रैक्याच्या सिद्धान्तासारख्या विषयांवर त्यांनी आपल्या अँग्लिकन गुरुभगिनींशी पत्रांतून कसून वाद घातला आणि स्वतःच्या बुद्धीस न पटलेले केवळ अधिकारवाणीखातर मान्य करण्याचे नाकारले. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो दुष्काळग्रस्त मुलींना आसरा दिला आणि हिब्रू व ग्रीक आत्मसात करून सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. आज्ञाधारकपणा आणि विश्वासूपणा हे समानार्थी शब्द नव्हेत, हे मराठी ख्रिस्ती इतिहासात इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

आजच्या मंडळीतील प्रश्न :

परदेशी मिशनचा काळ आता मागे पडला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरांच्या एकीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या तिच्यात समाविष्ट झाल्या. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) प्रापंचिकांच्या सहभागाला नवे अधिष्ठान दिले. वसईच्या परिसरात फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन, हरित वसईचे आंदोलन आणि ‘सुबोध बायबल’ या तिन्ही कामांना धर्मगुरूच्या सेवेचाच भाग मानले. उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, तेव्हा ही सेवा मंडळीच्या भिंतीबाहेर कितपत पोहोचली आहे, हे दिसून आले.

तथापि बहुसंख्य ख्रिस्ती माणसांची सेवा अशी नोंदली जात नाही. शब्बाथ शाळेत मुलांना शिकविणे, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेस जाणे, पेटी वाजविणे, दफनाच्या वेळी खड्ड्यापासून जेवणापर्यंतची व्यवस्था पाहणे, कापणीच्या सणाला आलेल्या धान्याचा, भोपळ्यांचा, कोंबड्यांचा लिलाव पुकारणे, या कामांवर मंडळी उभी असते. पंच किंवा खजिनदार म्हणून निवडून आलेल्या व्यक्तीसमोर आज टिळकांसमोरचा पेच वेगळ्या स्वरूपात येतो. वेतनाचा प्रश्न मागे पडून मालमत्तेचा पुढे आला आहे. मिशनच्या काळातील जमिनी, शाळा आणि बंगले यांच्या किमती वाढल्या, तसे मंडळ्यांमधील वाद न्यायालयांपर्यंत गेले, हे ख्रिस्ती समाजातील जाणती माणसे उघडपणे बोलतात. कारभाऱ्याजवळ असलेले त्याचे स्वतःचे नसते, हे पौलाचे प्रतिपादन येथे उपासनेच्या पीठावरून उतरून थेट सात-बाराच्या उताऱ्यापाशी येते.

पौलाला या बाजूची पुरती जाणीव होती. यरुशलेममधील गरिबांसाठी अन्यदेशीय मंडळ्यांनी जमविलेला निधी पोहोचविण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो कळवितो, की या कामी मंडळ्यांनी नेमलेला एक बंधू आपल्याबरोबर प्रवास करणार आहे. एवढ्या मोठ्या रकमेबाबत आपणांवर कोणी ठपका ठेवू नये, म्हणून ही व्यवस्था होती. अनेक मंडळ्यांत आजही उपासनेनंतर दानाची पिशवी एकट्याने उघडावयाची नाही असा प्रघात आहे. दोघे मिळून पैसे मोजतात, आकडा वहीत लिहितात आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच कुलूप लावले जाते.