घरगुती नळजोडणीतील जुने व्हॉल्व्ह बदलणे

घरात येणारे किंवा गच्चीवरील टाकीतून खाली उतरणारे पाणी हवे तेव्हा थांबवता यावे म्हणून नळवाहिनीवर जी झडप बसवतात, तिला व्यवहारात व्हॉल्व्ह, कॉक किंवा नुसतीच चावी असे म्हणतात. गंजलेली, गळकी किंवा न फिरणारी झडप काढून तिच्या जागी नवी बसवणे हे नळ कारागिराच्या नित्याच्या कामांपैकी एक होय. ही झडप वर्षानुवर्षे उघडीच राहते. तिची खरी गरज खालचा नळ तुटतो त्या दिवशी पडते आणि नेमकी तेव्हाच ती फिरत नाही. ज्या गावांत पाणी ठरावीक वेळीच सुटते तेथे घरातील काही झडपा वारंवार हाताळल्या जातात, तर काहींना कोणी हातही लावत नाही. त्यामुळे त्या निरनिराळ्या रीतीने निकामी होतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरालगतचे भिंगार हे अशा गावांपैकी एक आहे.

== भिंगार परिसरातील पाणीपुरवठा ==

अहिल्यानगर परिसर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, वडगाव यांसारख्या शहराबाहेरील उंच ठिकाणांहून खापरी नळांद्वारे शहरातील हौदांपर्यंत पाणी आणले जात असे. अशा नळांतून पाणी उताराने वाहत येई. घरोघरी दाबाने पाणी देणारे लोखंडी नळ आल्यानंतर मात्र प्रत्येक जोडणीवर पाणी अडवण्याचे साधन आवश्यक ठरले. दट्ट्यासारखी चकती आट्यांनी खाली दाबून पाणी बंद करणारा नळ इंग्लंडमधील रॉदरहॅम येथे 1845 च्या सुमारास प्रचारात आला. आजची साधी स्टॉप कॉक हे त्याचेच रूप आहे.

शहरास आज राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचे पाणी मिळते. भिंगार छावणी हद्दीत असल्याने तेथील नागरी सुविधा छावणी परिषदेकडे राहिल्या आहेत. कटक अधिनियम, 2006 मध्ये पाणीपुरवठ्याची स्वतंत्र तरतूद आहे. रस्त्याखालील मुख्य वाहिनी आणि तिला घराची जोडणी जेथे मिळते ते फेरूल पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेच्या अखत्यारीत येतात, म्हणून त्यांना घरमालकाने किंवा त्याच्या कारागिराने परस्पर हात लावू नये. घरमालकाचे काम फेरूलाच्या अलीकडच्या बाजूस, म्हणजे घराकडे येणाऱ्या भागात, सुरू होते.

पाणी थोडाच वेळ येत असल्याने ते आधी जमिनीखालच्या हौदात घेऊन मोटारीने गच्चीवरील टाकीत चढवण्याची पद्धत रूढ आहे. अशा घरात पहिली झडप रस्त्याकडून येणाऱ्या नळावर, दुसरी गच्चीवरील टाकीच्या निकासावर आणि बाकीच्या न्हाणीघर व स्वयंपाकघराच्या फाट्यांवर असतात. पहिलीचे आटे झिजतात. दुसरी उन्हापावसात जागच्या जागी धरते.

== झडपा निकामी होण्याची कारणे ==

जुन्या घरांत बहुधा पितळी गेट व्हॉल्व्ह आढळतो. त्यात पाचरीच्या आकाराचा पडदा दांड्याच्या आट्यांवर वरखाली होतो. तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी असतो. पाण्याची धार कमी करण्यासाठी तो अर्धवट उघडा ठेवला, तर पडद्याच्या कडेवरून वेगाने जाणारे पाणी बैठक झिजवते आणि पुढे तो कितीही आवळला तरी पाणी झिरपत राहते. आटे गेले की चाक नुसतेच फिरते. कधी पडदा दांड्यापासून सुटून खालीच अडकतो व पाणी अजिबात येत नाही. अशा वेळी नळ तुंबला असावा या समजुतीने पुष्कळदा भिंत फोडली जाते.

स्टॉप कॉकमध्ये रबरी वायसर असलेली चकती बैठकीवर दाबली जाते. तिच्या अंगावर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो आणि पाणी बैठकीच्या खालून वर यावे लागते. चकती सुटी असलेल्या प्रकारात झडप उलटी बसली, तर पाणीच चकतीला बैठकीवर दाबून धरते. सुलटी बसवलेली चकतीदेखील क्षाराने चिकटू शकते आणि टाकीचा दाब कमी असल्यास आपणहून उचलली जात नाही. एकमजली घरावरील टाकीचे पाणी नळापेक्षा चार मीटर उंच असेल तर नळाशी मिळणारा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.4 किलो एवढाच असतो.

बेसॉल्ट खडकातील कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यातील क्षारांचा थर दांडा व बैठक या दोहोंवर बसतो. टंचाईत नळाच्या पाण्यास कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्याची जोड देणाऱ्या घरांत झडपा लवकर जाम होण्याचे हे एक कारण आहे. शिवाय रिकाम्या वाहिनीत पाणी पुन्हा सुटते तेव्हा पहिल्या लोटाबरोबर गाळ व गंजाचे कण येतात.

चाकाखालून पाणी पाझरत असल्यास झडप बदलण्याची गरज बहुधा नसते. दांड्याभोवतीचे ग्लँड नट पाव वळसा आवळून किंवा आतील ग्रीस लावलेली दोरी बदलून गळती थांबते. सेकंदाला एक थेंब एवढ्या गळतीनेही दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी जाते, तेव्हा ही पाच मिनिटांची दुरुस्ती लांबणीवर टाकण्यासारखी नाही.

== नव्या झडपेची निवड ==

हल्ली जुन्या गेट व्हॉल्व्हच्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवण्याकडे कल आहे. त्यात आरपार भोक असलेला गोळा पाव वळशात फिरतो आणि दांडीच्या दिशेवरून झडप उघडी आहे की बंद हे लांबूनही कळते. गोळ्याभोवतीची कडी टेफ्लॉनची असते. टेफ्लॉनचा शोध 1938 मध्ये लागला व त्यानंतरच या झडपा सर्वत्र सोयीच्या ठरल्या. वाळूचे कण त्या कडीवर ओरखडे काढतात, म्हणून रस्त्याकडील जोडणीवर तिच्या आधी गाळणी असणे इष्ट असते. उघड्या गच्चीवर पितळी झडप टिकते. प्लास्टिकच्या झडपेची दांडी उन्हाने ठिसूळ होऊन नेमकी घाईच्या वेळी हातात येते.

पितळी गेट व्हॉल्व्हसाठी आयएस 778 आणि स्टॉप कॉकसाठी आयएस 781 ही भारतीय मानके आहेत. हलक्या पितळेतील जस्त पाण्यात विरघळून धातू सच्छिद्र होतो. त्यामुळे मानकचिन्ह पाहणे आणि झडप हातात घेऊन वजनाचा अंदाज घेणे या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात.

== बदलण्याची पद्धत ==

कामाची वेळ ठरवणे हा या कामाचा कळीचा भाग आहे. रस्त्याकडील झडप पाणी येऊन गेल्यानंतर लगेच बदलावी. तेव्हा वाहिनी रिकामी असते, टाकी भरलेली असते आणि काही चुकले तरी पुढच्या पाळीपर्यंत अवधी मिळतो. टाकीच्या निकासावरील झडपेसाठी उलट टाकी रिकामी करावी लागते, म्हणून ती पाळीच्या आदल्या दिवशी, पिण्यास व वापरास लागणारे पाणी पिंप-बादल्यांत काढून ठेवून बदलतात. हा क्रम चुकला तर भरलेली टाकी गटारात सोडावी लागते आणि टंचाईच्या दिवसांत हा तोटा झडपेच्या किमतीहून जड जातो.

जीआय नळाचे दोन्ही टोकांचे आटे एकाच दिशेचे असतात. त्यामुळे वाहिनीच्या मधला तुकडा फिरवून सोडवू लागल्यास एक टोक सुटताना दुसरे आवळले जाते. जवळ युनियन असेल तर ती सोडून झडप काढता येते. नसेल तर नळ कापावा लागतो आणि नवी झडप बसवताना तेथे युनियन घालणे हिताचे ठरते. झडप फिरवताना एक पाना तिच्यावर व दुसरा नळावर उलट बाजूने धरावा. एकाच पान्याने जोर लावल्यास आतून गंजलेला नळ भिंतीतल्या सांध्याशी पिळवटून तुटतो. पंचवीस-तीस वर्षांच्या जीआय वाहिनीत हा धोका नेहमीच असतो. जुने कारागीर झडप सोडवण्याआधी सांध्यावर हातोडीने हलके ठोके देतात आणि गंज सैल करणारे तेल मुरू देतात.

पूर्वी सांध्यांवर सुतळी व सफेदा लावत. सफेद्यात शिसे असल्यास ते पिण्याच्या पाण्यास घातक असते. त्याऐवजी आता टेफ्लॉन टेप वापरतात. आट्यांचे टोक आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, अन्यथा झडप आवळताना ती उलगडते. सीपीव्हीसी नळावर पितळी झडप बसवायची असल्यास आत पितळी आटे असलेला जोड वापरावा, कारण प्लास्टिकच्या मादी आट्यांत पितळी टोक आवळले की जोड उभा तडकतो. सॉल्व्हंट सिमेंटने जोडलेला सांधा डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू द्यावा लागतो. पाण्याची पाळी जवळ आली म्हणून घाई केल्यास तोच सांधा रात्री सुटतो.

पाणी नसताना मुख्य वाहिनीत उणा दाब निर्माण होऊन घरातील किंवा गटाराजवळचे घाण पाणी तिच्यात ओढले जाऊ शकते. म्हणून रस्त्याकडील झडप बदलतानाच तिच्यापुढे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा आणि हौदात पडणाऱ्या नळाचे तोंड पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वर ठेवावे. नवी झडप बसल्यावर नळ थोडा वेळ मोकळा सोडून आतील कीस व गंज वाहू देतात, मग झडप पूर्ण बंद करून खालचा नळ उघडा ठेवतात आणि थेंब पडतो का ते पाहतात. टाकीखालची झडप त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडली, तर क्षार धरत नाही.